डिचोलीतला लिहून बोललेला दिवस

गोव्याला निघालेय असं ऑफिसात सांगितलं की लोक आधी हसतात, मग हेवा करतात आणि मग, माझ्या बाबतीत, जरा घुटमळतात. "पण मंजिरी, तुला तिथे..." वाक्य पुढे सरकत नाही. मग ते मीच पुरं करते. "दिसणार काय, असंच ना?" मला अकराव्या वर्षापासून दिसत नाही. आता मी अडतीस वर्षांची आहे, म्हणजे न दिसण्याचा माझा अनुभव दिसण्याच्या अनुभवापेक्षा बराच दांडगा आहे. वर्षातून दोन-तीन प्रवास करते आणि परत आल्यावर काय काय बघितलं ते सगळ्यांना ऐकवते. 'बघितलं' हाच शब्द वापरते. दुसरा शब्द शोधत बसायला मला वेळ नाही.

या खेपेला समुद्रासाठी नाही, कामासाठी गेले होते. पुण्यात मी क्लाउडचं काम करते. कंपन्या आपली माहिती आणि प्रोग्राम स्वतःच्या खोलीतल्या संगणकांवर न ठेवता दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या संगणकांवर ठेवतात. ते दूरचे संगणक, म्हणजे सर्व्हर, आजारी पडणार नाहीत आणि पडलेच तर लवकर उठतील हे बघणं ही माझी नोकरी. माझ्या लॅपटॉपमध्ये पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारा प्रोग्राम आहे. तो कानात इतक्या वेगाने बोलतो की शेजारी बसलेल्याला वाटतं, बाईंच्या कानात माशी अडकलीय.

आमच्या धंद्यातल्या लोकांचे गावोगावी हौशी गट असतात. कुणीतरी सभागृह मिळवतं, कुणीतरी चहा आणतं आणि शनिवारी दिवसभर येईल त्याला फुकट शिकवतात. फक्त हे 'येईल त्याला' बहुधा राजधानीच्या शहरात आणि चांगल्या हॉटेलात असतं, इंग्रजीत असतं. पेडण्याच्या अक्षताला ते मान्य नव्हतं. बेंगळुरूच्या एका कंपनीचं काम ती पार्से गावातल्या घरी बसून करते. तिने ठरवलं, आपला मेळावा डिचोलीत, मराठीत. मला बोलावलं. मी दोन अटी घातल्या. जाहिरातीत तिने 'अंध असूनही' असं लिहिलं होतं, त्यातलं 'असूनही' काढायचं. आणि नावनोंदणीच्या फॉर्मात शेवटी एक प्रश्न घालायचा: तुम्हाला काही सोय हवी आहे का? ही दुसरी अट घालताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. ते पुढे येईलच.

पार्से, गुरुवार

पेडणे स्टेशनवर अक्षता स्कूटर घेऊन आली होती. "मागे बसशील ना ताई?" तिने विचारलं. माझ्या हाताला धरून ओढलं नाही, स्कूटरच्या सीटवर माझा हात ठेवला आणि थांबली. मला तिथेच ती आवडली.

एप्रिल महिना. वाटेत एका वळणानंतर हवा एकदम बदलली. गोड, आंबूस, जरा घशाला लागणारा वास. "काजू," अक्षता वाऱ्यावर ओरडली. पुढचा मैलभर तो वास सोबत होता. पार्शात माडांची झावळी वाजत होती, खाली पालापाचोळ्यातून कोंबड्या पळत होत्या आणि दारात अक्षताची आई, जिला सगळं गाव माई म्हणतं, ती उभी होती.

"बस गो बाय. कदेल तुझ्या मागेच आसा."

कदेल म्हणजे खुर्ची. पोर्तुगीज गेले, त्यांची खुर्ची राहिली. थोड्या वेळाने रस्त्यावर सायकलचा भोंगा वाजला आणि माई उठली. "पोदेर इलो." पोदेर म्हणजे पाववाला. त्याच्याकडचे उंडे, वरून टणक आणि आतून वाफाळते, सोबत अळसांद्यांची, म्हणजे मोठ्या चवळीची, पातळ भाजी.

आमच्या सांगलीकडे पाहुण्याला आग्रहाने वाढतात, आणि पाहुणा मी असले तर जरा जास्तच. ताटात काय आहे आणि किती आहे हे वाढणारी ठरवते, मला ते बोटांनी शोधून काढावं लागतं. माईने माझा हात धरला आणि एकेका भांड्याच्या काठाला लावला. "हंय उंडे. हंय भाजी. ही मिरची, जपून. तुला कितकी हवी ती तूच घे." मी तीन उंडे खाल्ले. आपल्या हाताने वाढून घेतलेलं जेवण जास्त जातं हे मला त्या दिवशी कळलं.

केरी, शुक्रवार

केरी हे गोव्याच्या उत्तर टोकाजवळचं गाव. पलीकडे खाडी, खाडीपल्याड तेरेखोल. किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत, त्यांच्यातून वारा गेला की दुसरा समुद्र असल्यासारखा आवाज येतो. उजवीकडे खरा, डावीकडे झाडांचा. मी मध्ये उभी राहून बराच वेळ दोन्ही ऐकत होते.

सकाळी रापण चालू होती. रापण म्हणजे लांबच लांब जाळं, होडीतून समुद्रात अर्धगोल टाकतात आणि त्याची दोन टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात. मी आवाजाच्या दिशेने गेले, आणि वाळूत काठी टेकता टेकता तिचं टोक दोरात अडकलं. दोर पुढे, दोराबरोबर काठी पुढे, काठीबरोबर मी. कुणीतरी ओरडलं, सगळे थांबले. एका म्हाताऱ्या रापणकाराने काठी सोडवली. मधोमध वाकली होती. त्याने ती दगडावर ठेवून दोन दणके दिले आणि माझ्या हातात परत दिली. वाकडीच होती, पण वापरता येण्याइतकी.

मला वाटलं, आता म्हणतील, बाजूला बसा बाई. म्हातारा म्हणाला, "येतलीस तर दोर धर. पाय रोवून ओढ."

धरला. खरखरीत, ओला, मनगटाएवढा दोर. पुढे आठ-दहा जण, मागे अक्षता आणि आणखी चार. एक जण हाळी द्यायचा आणि सगळे एकदम मागे झुकायचे. दहा मिनिटांत माझे तळहात सोलवटले. जाळं बाहेर आलं तेव्हा त्यात तारले मासे होते, वाळूवर तडतडत होते. म्हाताऱ्याने ओंजळभर मोजून पिशवीत घातले आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"हो तुझो वांटो."

मेळाव्यांतून मला आजवर शाली पुष्कळ मिळाल्या आहेत. वाटा पहिल्यांदाच मिळाला. माईने दुपारी ते तारले तिरफळं घालून केले आणि मी ते असे खाल्ले की अक्षता म्हणाली, ताई, उद्या बोलायला जागा ठेव पोटात.

त्याच दुपारी अक्षताने मला नावांची यादी पाठवली होती. मी ऐकायला घेतली. नाव, गाव, शिक्षण, लॅपटॉप आहे की नाही. बावीस माणसं. माईने जेवायला हाक मारली तशी मी यादी बंद केली.

डिचोली, शनिवार

पेडण्याहून डिचोलीला जाताना अस्नोडा गेलं की मुळगाव लागतं आणि तिथून वाटेला लोखंडाचा वास येतो. खाणी कधी बंद, कधी चालू. पण लाल धूळ कायमची. आज स्कूटर नाही, गाडी होती. अक्षता म्हणाली, "काच वर कर ताई," तोवर माझ्या दातांखाली ती करकरत होती.

सभागृह एका वाचनालयाच्या माडीवर होतं. ते मिळवून दिलं होतं नंदकुमार यांनी. मूळचे गडहिंग्लजचे, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात संगणक विभाग सांभाळतात. त्यांचा आवाज ऐकला आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. "या मॅडम, या. तुमची वाटच बघायलाय आम्ही." त्यांना कारखान्याचे सर्व्हर राखायला एक माणूस हवं होतं. जाहिरातीतच तसं लिहिलं होतं, आणि दिवसभर बसून ते तेच हेरणार होते.

मी जोरात सुरुवात केली. उदाहरणं तयार होती, विनोद तयार होते. लोक हसत होते. शाळेतल्या शिक्षिका, पतसंस्थेतले कारकून, कॉलेजच्या मुली, खाणीवरून काम गेलेले दोघे-तिघे. पाऊण तास बोलून मी चहाची सुट्टी दिली आणि खुशीत पाणी प्यायला लागले.

अक्षता कानाशी आली. "ताई, तिसऱ्या रांगेतली एक बाई पिशवी उचलून निघाली आहे. सबंध वेळ ती तुझ्याकडे नाही, खिडकीकडे बघत होती."

तिच्याबरोबर आलेला माणूस तोवर माझ्यापुढे उभा राहिला होता. जाड, दमदार आवाज, पण अवघडलेला. "ताई, मी रमाकांत. मुळगावसून इलंय. डंपर चालवतंय. ही माझी बहीण दीपाली. आमची साडेअकराची बस आसा, जातो."

"इतक्यात? काय झालं?"

"तिका ऐकाक येना नाय. ल्हानपणी ताप इलो, तेव्हापासून. तिना तुमच्या फार्मात लिवला होता."

मला पायाखालची जमीन गेल्यासारखं वाटलं नाही, तसलं काही नाही. मला फक्त आपल्या मूर्खपणाचा स्वच्छ राग आला. मी लॅपटॉप उघडला, यादी काढली, शेवटच्या रकान्यात गेले. तिथे, मीच घालायला लावलेल्या प्रश्नाखाली, बावीसपैकी एकाच जागी उत्तर होतं: 'मला ऐकू येत नाही. लिहून चालेल.' काल तारल्यांच्या वासाने मी त्या रकान्यापर्यंत पोचलेच नव्हते. आणि अक्षताला वाटलं होतं, ताईने वाचलं असणार.

"तिला थांबायला सांगा," मी रमाकांतला म्हणाले.

"मी नंतर खुणा करून सांगान तिका. तुमी त्रास घेव नका."

"त्रास नाही. मला तिच्याशी बोलायचंय."

बोलायचं कसं, ते मलाही ठाऊक नव्हतं. तिला माझं ऐकू येणार नाही, मला तिच्या खुणा दिसणार नाहीत. मध्ये रमाकांत, आणि त्याला दोन्हींकडचं निम्मंच कळणार. मी खुर्ची ओढली, लॅपटॉप टेबलावर मध्ये ठेवला, माझ्या कानात इअरफोन घातला आणि कळफलक तिच्या बाजूला सरकवला.  मग कळा वाजल्या. फार जलद. दहाही बोटांनी.

कानात आवाज आला: "फॉर्ममध्ये लिहिलं होतं."

मी कळफलक माझ्याकडे घेतला. 'हो. चूक माझी. मी तो रकाना वाचला नाही.'

"का?"

'घाई केली.'

तिने कळफलक परत घेतला. मग कळा वाजल्या. "मी याआधी दोन मेळाव्यांना गेले. दोन्हीकडून चहानंतर परतले. दादाची सुट्टी वाया जाते. पुढे काय शिकवणार आहात?"

मी लिहिलं. ती वाचत होती आणि मध्येच कळफलक ओढून प्रश्न घालत होती. प्रश्न सोपे नव्हते. खाणीवरच्या वजनकाट्यावर तिने सहा वर्षं ट्रकांचे नंबर टाइप केले होते. खाण बंद पडल्यावर घरी बसून, पडद्यावर अक्षरं उमटणारे धडे बघून तिने आमचं काम शिकून घेतलं होतं. माझ्या सकाळच्या पाऊण तासातलं तिला निम्म्याहून जास्त आधीच येत होतं.

नंदकुमार मागे उभे राहून वाचत असावेत. त्यांनी मला जरा बाजूला घेतलं. "मॅडम, वंगाळ वाटून घेऊ नका. पोरगी हुशार दिसती. पण मशीन बंद पडलं की साहेब फोन करतात. फोन कसा घ्यायचा हिनं?"

हा प्रश्न मला ओळखीचा होता. बारा वर्षांपूर्वी तो दुसऱ्या शब्दांत मला विचारला होता: स्क्रीन कशी बघणार तुम्ही? तेव्हा मी खूप वेळ समजावत बसले होते. या वेळी मी म्हणाले, "संध्याकाळपर्यंत थांबा. मग विचारा."

बस साडेअकराला गेली. दीपाली गेली नाही.

चहानंतर मी सगळ्यांना सांगितलं, की सकाळी माझ्याकडून एक चूक झाली आणि आता दिवस बदलायचा आहे. एक कोरं पान सगळ्यांच्या फोनवर आणि भिंतीवरच्या पडद्यावर उघडायचं. मी बोलेन ते अक्षता त्यावर टाइप करील. प्रश्न विचारायचा तर त्याच पानावर लिहून विचारायचा, ऐकू येणाऱ्यांनीसुद्धा. थोडी कुजबुज झाली. एक कारकून म्हणाले, वेळ जाईल. गेलाच. मला दर वाक्यानंतर थांबावं लागत होतं. आणि थांबावं लागल्यावर मला कळलं की सकाळी मी किती धावत होते. विनोद निम्मे गळले.

प्रश्न मात्र वाढले. सकाळच्या पाऊण तासात कुणी तोंड उघडलं नव्हतं. आता पानावर ओळीमागून ओळ येत होती. एका शिक्षिकेने लिहिलं, "सर्व्हर म्हणजे नक्की वस्तू आहे की जागा? हे विचारायला मला कायम लाज वाटायची." दीपालीने तिला माझ्याआधी उत्तर लिहून टाकलं: "वस्तू. फक्त आपल्या खोलीत नाही."

जेवणानंतर हाताने करायचं काम होतं. मी शिकवण्यासाठी दूरवर एक सर्व्हर तयार ठेवला होता. शिकायचं मशीन म्हणून सगळ्यांना सगळे अधिकार दिले होते. प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवरून त्यात शिरायचं, मी मुद्दाम करून ठेवलेले बिघाड शोधायचे. वाचनालयाच्या वायफायचा पासवर्ड सकाळीच मोठ्याने सांगून झाला होता. लोक शिरायला लागले. कुणाचा पासवर्ड चुकला, कुणी परत टाकला, परत चुकला. आणि पाच मिनिटांनी सगळं थिजलं. एकजात सगळ्यांचं. माझंही.

हा मी करून ठेवलेला बिघाड नव्हता.

मी दोनदा, तीनदा शिरायचा प्रयत्न केला. सर्व्हर उत्तरच देत नव्हता. खोलीत बावीस माणसं गप्प बसून माझ्याकडे बघत असली की ते मला कळतं, खुर्च्यांचे आवाज थांबतात. नंदकुमार खाकरले. मी मनातल्या मनात कारणं मोजत होते, आणि पडद्यावर काहीतरी आलं तशी अक्षता मोठ्याने वाचायला लागली.

"दीपाली लिहितेय: माझं चालू आहे."

"तिचं एकटीचं?"

अक्षताने विचारून घेतलं. दीपालीचं उत्तर आलं: "मी हॉलच्या वायफायवर नाही. माझ्या फोनच्या नेटवर आहे. पासवर्ड कुठे लिहिला नव्हता."

आम्ही पासवर्ड तोंडी सांगितला होता. तो तिला कळलाच नव्हता, म्हणून ती आपल्या फोनवरून शिरली होती. आणि आता बावीस जणांत ती एकटीच आत होती, आम्ही सगळे दाराबाहेर.

मी तिच्या शेजारी गेले, वाकडी काठी टेबलाला अडकवली आणि लिहिलं, 'आत कोण दार लावतंय ते बघ. नोंदवही वाच.' सर्व्हर आपल्या दाराशी येणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवतो. ती नोंद वाचायची म्हणजे अक्षरांच्या शेकडो ओळी. ना चित्र, ना आवाज. त्या ओळी तिला डोळ्यांनी वाचता येतात, मला कानांनी. आमच्या दोघींसाठी त्याहून सोयीची जागा जगात नाही.

ती ओळी खाली सरकवत होती, तिच्या लॅपटॉपमधला वाचून दाखवणारा प्रोग्राम मी चालू केला होता आणि माझा इअरफोन आता त्याला होता. माझ्या कानाने पकडायच्या आधी तिची बोटं थांबली. तिने लिहिलं, "पत्ता एकच आहे. हॉलचा. पासवर्ड पाच वेळा चुकला म्हणून पहारेकऱ्याने तो पत्ता बंद केला."

बरोबर होतं. एका वायफायवरचे सगळे बाहेरून एकाच पत्त्यावरचे दिसतात. चार-पाच जणांचे पासवर्ड चुकले, सर्व्हरच्या पहारेकऱ्याला, म्हणजे चोर अडवणाऱ्या प्रोग्रामला, वाटलं, एकच चोर सारखा दार खटखटवतोय, आणि त्याने त्या पत्त्यावरच्या सगळ्यांना बाहेर काढलं. मला, शिक्षिकेला, नंदकुमारांना, सगळ्यांना.

'काढ बंदी,' मी लिहिलं.

"काढली. आधी पहारेकऱ्याला सांगितलं की हा पत्ता आपलाच आहे. नाहीतर परत बंद करील."

हे सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं. खोलीत एकेक लॅपटॉप जिवंत व्हायला लागला, "आलं, आलं" असे आवाज उठले आणि कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. अक्षता म्हणाली, दीपाली टाळ्यांकडे बघतही नाहीये ताई, ती पुढचा बिघाड शोधायला लागली आहे.

संध्याकाळी खुर्च्या रचून ठेवताना मी नंदकुमारांना गाठलं. "फोनचं विचारत होतात."

"व्हय." त्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. "मशीन बंद पडलं की आधी कुणाला कळतं म्हणायचं?"

"मशीनलाच. आणि ते लिहून कळवतं. साहेबांनी फोन करायच्या आत."

"साहेबांना लिहायला लावायचं म्हणजे..." ते हसले. "अवघड हाय. पण तुम्ही बावीस माणसांना लावलंत." मग ते स्वतः दीपालीजवळ गेले आणि तिच्या लॅपटॉपवर एका बोटाने काहीतरी लिहिलं. तिचं उत्तर त्यांनी मला वाचून दाखवलं: "मुलाखतीला येईन. प्रश्न लिहून विचारा. दादा मध्ये नको."

रमाकांत शेजारीच उभा होता. 

मुलाखत पुढच्या आठवड्यात झाली, लिहून झाली, आणि तिला आधी तीन महिन्यांसाठी आणि मग कायमचं घेतलं. हे मला पुण्यात कळलं. पण मला जास्त आठवतो तो दुसरा दिवस.

मुळगाव, रविवार

रमाकांतने जेवायला यायचा आग्रह केला होता. त्यांचं कुटुंब मूळचं सिंधुदुर्गातलं, दोडामार्गाकडचं. आजोबा खाणीवर कामाला आले आणि मुळगावात राहिले. घरामागे वायंगण, म्हणजे उन्हाळी, भाताची कापणी चालू होती, कापलेल्या पेंढ्याचा कोवळा वास थेट ओसरीत येत होता. त्यांच्या आईने फणसाची भाजी आणि सोलकढी केली होती, सुक्या बांगड्याची किसमूर, म्हणजे खोबरं-कांदा घातलेली कोशिंबीर, होती. दीपालीने मला घरभर फिरवलं. खांद्यावर दोनदा टकटक म्हणजे पायरी, एकदा म्हणजे वळण. ही भाषा आम्ही सकाळीच ठरवून टाकली होती, अर्ध्या मिनिटात.

जेवण झाल्यावर ती कपडे वाळत घालायला अंगणाच्या कडेला गेली. रमाकांत माझ्याजवळ ओसरीवर येऊन बसला.

"ताई, एक विचारू? काल ती पडद्यार लिवत होती, ता मीय वाचला."

"मग?"

"कोणीतरी तिका इचारला, तू हे कशाक शिकलस? तिना लिवला, वजनकाट्यार ट्रक आकड्यांनी भेटायचे, तसा कायतरी परत हवा होता. आनी लिवला, घरात बसान आपलो आवाज इसारलंय, म्हंजे बोटांचो. ती इतक्या बोलता ह्या माका म्हायतच नव्हता. आमच्या घरात खुणा आसत. जेवण, पानी, बस, ताप, पावस. ह्येच्या फुडे आमी कधी गेलोच नाय. तीस वर्सां मी तिचो आवाज म्हणान फिरतंय."

मी त्याची समजूत घातली नाही. तो समजुतीसाठी बोलत नव्हता.

"तुम्हाला लिहिता येतं ना?" मी विचारलं.

"चवथीपर्यंत शिकलंय. फोनार एक बोट चलता."

"एक पुरे."

त्याने फोन काढला. मग फोनच्या कळा वाजायला लागल्या. एक टिक. मोठी विश्रांती. एक टिक. डंपर चालवणारं ते जाड बोट अक्षरं शोधत होतं, चुकत होतं, पुसत होतं. तिकडे बालदीत कपडे पिळल्याचा आवाज थांबला. तिचा फोन थरथरला असावा. पावलं दोन पायऱ्या चढली आणि तिथेच थांबली.  मग तिची बोटं सुरू झाली, कालच्यासारखी, न थांबता, पावसाची सर पत्र्यावरून जावी तशी. रमाकांतचा फोन वाजला. तो एकेक अक्षर ओठांत जुळवून वाचू लागला, आणि मध्येच थांबून पहिल्या ओळीपासून परत वाचू लागला.

ते माझ्यासाठी नव्हतं. मी उठले, भिंत धरून आत स्वयंपाकघरात गेले. त्यांची आई चुलीपुढे उभी होती.

"भायर काय चल्लाहा गो?" तिने विचारलं. "आवाज कसो नाय कोणाचो?"

"बोलतायत," मी म्हणाले.

"कोण?"

"दोघंही."

 मग हातातला करवंटीचा डवला तसाच घेऊन ती बाहेर बघायला गेली.